चिंपांझीची गाठ आणि माझी पिशवी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. पुलगावच्या उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच माणसाने कूलरसमोरून हलू नये असा आमच्या घरचा नियम आहे. त्यामुळे वाचन होतं, लिहिणं होत नाही. पण गेल्या महिन्यात पुतणी दोन दिवस राहून गेली आणि जाताना माझ्या डोक्यात एक किडा सोडून गेली. तो काढल्याशिवाय काही खरं नाही.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकली. हे कॉलेज १९५८ सालचं. सासूबाई होत्या तोवर तिची ओळख पाहुण्यांना 'आमची ढोरडाक्तरीण' अशी करून द्यायच्या आणि ती खदखदून हसायची. एका संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर कसलंसं व्याख्यान बघत होती. मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर टेबल, हिरवी कापडं, दिवे आणि त्या कापडांतून बाहेर आलेला एक काळा, केसाळ, अगदी माणसासारखा हात.

"काय झालंय गं याला?"

"याला नाही काकू, हिला. चिंपांझीण आहे. पिशवीत गाठी आहेत. दुर्बिणीने बघताहेत."

मी चहा तिथेच ठेवला आणि बसले. कारण माझ्याही पिशवीत गाठी होत्या. आता पिशवीच नाही.

हे मी इथे कधी लिहिलेलं नाही. १९९१ ची गोष्ट. मी चाळिशीची. शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं आणि महिन्यातले आठ-दहा दिवस अंगावरून इतकं जायचं की खुर्चीवर बसायची भीती वाटायची. पांढरी साडी त्या काळात मी नेसलेच नाही. एका दवाखान्यात गेलो (नाव कशाला घ्यायचं), तिथे डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याशी नाही, आमच्या 'ह्यां'च्याशी बोलले. "दोन मुलं झाली ना? मग पिशवी ठेवून काय करता? काढून टाकू." पाच मिनिटांत ठरलं. पोट उघडून ऑपरेशन, दहा दिवस दवाखाना, दीड महिना घरी. नऊ टाके. दुसरा काही उपाय आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही आणि सांगायचं त्यांना सुचलं नाही.

आणि आता बघते तर इकडे एका चिंपांझिणीसाठी सहा-सात डॉक्टर मंडळी डोकं लावून बसली आहेत, की पोट न फाडता काय करता येईल!

पुतणीला मी त्या दोन दिवसांत इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, काकू, तुम्ही परीक्षक झालात की काय. मग ती गेल्यावर पुस्तकं आणि आंतरजाल धुंडाळलं. आमची डिग्री मराठी माध्यमातली बी.ए. आहे, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकला सुटला. तेव्हा समजेल तसं सांगते.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. आमच्या गच्चीवर येतात ते वानर. पण गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान या बिनशेपटीच्या मोठ्या मंडळींना आपल्याकडे धड एक शब्द नाही. कोणी 'महाकपी' म्हणतात, कोणी 'वनमानुष'. ओरांगउटान या मलय शब्दाचा अर्थही वनातला माणूस असाच आहे. मला वनमानुष हा शब्द आवडतो, कारण या लेखाचा सगळा मुद्दाच त्या 'मानुष'मध्ये आहे.

या चौघांच्याही माद्यांना आपल्यासारखी मासिक पाळी येते. ओरांगउटान आणि गोरिलाची साधारण महिन्याची, चिंपांझीची पाच आठवड्यांची. दिवस आठ-साडेआठ महिने. पुतणीने सांगितलेली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानात दिवस गेले का ते बघायची जी पट्टी मिळते ना, तीच पट्टी गोरिलाच्या लघवीत बुडवली तरी चालते. प्राणिसंग्रहालयात ती सर्रास वापरतात. पाळणा लांबवायचा असेल तर बायकांच्याच गोळ्या देतात. तांबीसुद्धा बसवतात! आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते ती तांबी, आणि चिंपांझीला. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तर आजारही तेच. वय झालेल्या, पिंजऱ्यात राहिलेल्या चिंपांझिणींच्या गर्भाशयात गाठी बऱ्याचदा सापडतात. कारणांपैकी एक तर सरळ समजतं. रानातली चिंपांझीण वयात आली की एक तर गाभण असते किंवा पिल्लू अंगावर पीत असतं. एकेक पिल्लू चार-पाच वर्षं आईला सोडत नाही. म्हणजे जन्मभरात पाळ्या अगदी थोड्या. पिंजऱ्यात मात्र पिल्लं मोजून होऊ देतात, नाहीतर ठेवायची कुठे? मग महिन्यामागून महिने नुसत्या पाळ्या. आपल्या आजीला नऊ-दहा बाळंतपणं झाली आणि आपल्याला दोन, त्यात जो फरक, तसाच हा फरक.

आता दुर्बिणीची कथा. मराठीत लॅपरोस्कोपीला सगळे 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात. दूरचं दाखवणारं यंत्र आतलं दाखवायला लागलं, शब्द तोच राहिला. हिची सुरुवात झाली एका कुत्र्यापासून. १९०१ साली हॅम्बुर्गला जर्मन डॉक्टरांच्या सभेत गेऑर्ग केलिंग या डॉक्टराने जिवंत कुत्र्याच्या पोटात कापसातून गाळलेली हवा भरली आणि मूत्राशय तपासायची नळी आत घालून पोट न फाडता आतलं दाखवलं. माणसावर हा प्रयोग स्टॉकहोमच्या याकोबेयुसने १९१० मध्ये केला. पुढे चाळीसच्या दशकात पॅरिसमध्ये राउल पामर यांनी बायकांच्या आजारांसाठी ती वापरायला घेतली, आणि त्यांच्याकडे बघून इंग्लंडच्या ओल्डहॅम गावच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी. स्टेप्टोंचं १९६७ चं पुस्तक हे इंग्रजीतलं या विषयावरचं मोठं पुस्तक मानलं जातं. त्यांच्याच दुर्बिणीने आईच्या पोटातून काढलेल्या बीजातून २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राऊन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एक सर म्हणाले होते, कौरव काय वेगळे होते?

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. बाईची पाळी नक्की कशी चालते, बीज कधी सुटतं, हे डॉक्टरांना मुळात कळलं कुठून? बरंचसं माकडिणींकडून. आणि त्या माकडिणी आपल्या इथल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत जी ऱ्हीसस माकडं असत, ती बहुतेक हिंदुस्थानातून जहाजाने गेलेली. १९४० साली मार्की नावाच्या शास्त्रज्ञाने माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तिच्याच डोळ्यात, बुबुळापुढच्या पारदर्शक जागेत बसवला आणि पाळी येताना त्यात काय होतं ते खिडकीतून बघावं तसं बघितलं. वाचून मला रात्री झोप आली नाही. पण पाळीच्या वेळी अस्तराच्या शिरा आधी आवळतात आणि मग रक्तस्राव होतो, हे त्यातून कळलं. माझ्या अंगावरून का जात होतं, ते समजायला तो डोळा लागला.

पन्नासच्या दशकात पोलिओच्या लशीसाठी तर आपल्याकडून वर्षाला लाखाच्या वर माकडं परदेशी जात. ही निर्यात आपल्या सरकारने १९७८ मध्ये बंद केली, मोरारजीभाई पंतप्रधान असताना.

चिंपांझीचं म्हणाल तर रॉबर्ट यर्कीस यांनी १९३० साली फ्लोरिडात ऑरेंज पार्कला त्यांची वसाहत केली. त्यांच्या पाळ्या, गाभणपणा, बाळंतपणं यांच्या नोंदी तिथे वर्षानुवर्षं ठेवल्या. चिंपांझीचं बरं असतं, बीज सुटायची वेळ आली की मागचा भाग फुगून गुलाबी होतो, लांबूनही दिसतं. ओरांगउटानमध्ये असं काहीच दिसत नाही. म्हणून मग आत डोकावायची गरज. सत्तरच्या दशकात अमेरिकेत माकडांच्या आणि प्राणिसंग्रहालयातल्या इतर प्राण्यांच्या पोटात दुर्बीण घालून बीजकोश बघायला लागले. वाइल्ट यांनी हॅरिसन यांच्याबरोबर १९८० मध्ये फक्त प्राण्यांच्या दुर्बीण-तपासणीवरचं पुस्तकच काढलं. म्हणजे कुत्र्यापासून निघालेली दुर्बीण बाईपर्यंत आली आणि बाईकडून फिरून जनावराकडे गेली.

याच सुमाराला ती आमच्या पुलगावलाही आली.

हसू नका. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून आली. मी १९७४ ला नोकरीला लागले. दोन वर्षांत आणीबाणीचं ते नसबंदीचं पर्व आलं. शिक्षकांना 'केसेस' आणायच्या असत, तो आकडा पूर्ण झाला नाही की वरून विचारणा व्हायची. आणीबाणी गेली पण केसेस गेल्या नाहीत. फक्त पुरुषांऐवजी बायका आल्या आणि ऐंशीच्या दशकात दुर्बीण आली. मी स्वतः चार बायकांना घेऊन गेले आहे. दोघी माझ्या विद्यार्थ्यांच्या आया. व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने बायका, एकीमागून एक आत. टेबलाचं डोक्याकडचं टोक खाली केलेलं, पोटात हवा, बेंबीजवळ छोटं भोक, नळीला रिंग. पाच मिनिटांत बाहेर, पुढची आत. चहा पिऊन होईपर्यंत माझ्या चौघीही झाल्या होत्या. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं.

आकडा सांगते. मेहता नावाच्या एका भारतीय डॉक्टरांनी १९८९ मध्ये एका इंग्लिश वैद्यकीय मासिकात निबंध लिहिला, त्याच्या नावातच आकडा होता: एकट्याने केलेल्या दुर्बिणीच्या २,५०,१३६ नसबंदी. अडीच लाख! हातात कौशल्य असल्याशिवाय हे होत नाही, ते मान्यच. पण त्याच घाईचं दुसरं टोक नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरला दिसलं. एका दुपारी काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली, आणि त्यांतल्या डझनाहून जास्त दगावल्या. त्याच महिन्यात ओडिशातल्या एका शिबिरात बायकांच्या पोटात हवा भरायला सायकलचा पंप वापरल्याची बातमी आली होती. वाचून मी माझ्या त्या चौघींची नावं आठवायला लागले. तीन आठवली. चौथी अजून आठवत नाही.

दुर्बीण वाईट नाही हो. मुंबईच्या जे.जे. मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९७२ पासून ती हाती घेतली, मे १९९० मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, आणि हे तंत्र गरिबांसाठी, गावातल्या दवाखान्यासाठीच जास्त उपयोगाचं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. खाट लवकर रिकामी होते, माणूस लवकर कामावर जातो. २०२३ मध्ये ते गेले. आमच्या 'ह्यां'चं पित्ताशय २००४ मध्ये तसंच काढलं, तिसऱ्या दिवशी पोह्यांत शेंगदाणे कमी आहेत म्हणून कुरकुर सुरू. आणि दुर्बिणीने गर्भाशय काढायचं ऑपरेशन अमेरिकेत १९८८ मध्येच झालं होतं. माझ्या तीन वर्षं आधी. असो.

परळच्या दोन संस्थांचं नाव इथे घ्यायला हवं. डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी दिल्लीला माकडांच्या प्रजननावर वर्षानुवर्षं काम केलं, मग ते परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले. तिथे त्यांनी आणि के.ई.एम. च्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मिळून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा हिला जगात आणलं. माकडिणीकडून शिकलेलं बाईच्या कामी आलं ते असं, आपल्या मुंबईत. नऊ वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीला तिमू नावाची गोरिला जन्मली, टेस्ट ट्यूबमधून जन्मलेली पहिली गोरिला. बाईकडून शिकलेलं गोरिलाच्या कामी आलं. हर्षाला २०१६ मध्ये मुलगा झाला, हिंदुजा बाईंच्याच हातून. आणि तिमूही पुढे आई झाली, तीही कुठल्या नळीशिवाय.

भारतात हे वनमानुष फार नाहीत. मी शाळेच्या सहली नागपूरच्या महाराजबागेत कितीदा नेल्या, वाघ-बिबटे-हरणं पाहिली, यांच्यापैकी कोणी भेटलं नाही. मैसूरचा पोलो हा देशातला एकुलता एक गोरिला होता, तो २०१४ मध्ये गेला. २०२१ मध्ये जर्मनीहून तिथे दोन गोरिला आले. दोघेही नर! तेव्हा आपल्याकडे गोरिलांच्या स्त्रीरोगतज्ज्ञाची गरज तूर्त नसावी.

परदेशात मात्र अशा वेळी थेट बायकांच्या डॉक्टरांनाच बोलावतात. इंग्लंडच्या ब्रिस्टल झूमध्ये सलोमी नावाच्या गोरिलाला दिवस राहत नव्हते, तिला माणसांना देतात तीच औषधं दिली आणि २००६ मध्ये पिल्लू झालं. तिथेच २०१६ मध्ये केरा नावाच्या मादीची तब्येत बाळंतपणाआधी बिघडली, तेव्हा विद्यापीठातले स्त्रीरोगतज्ज्ञ डेव्हिड काहिल यांनी सिझेरियन करून आफियाला काढलं. ते काही दुर्बिणीचं नव्हे, पोट उघडूनच. पण नाइलाज होता म्हणून उघडलं. एरवी वनमानुषाचं पोट उघडायला डॉक्टर फार नाखूश असतात.

का, ते पुतणीने सांगितलं आणि मला फार पटलं. एक म्हणजे बोटं. गाय टाके उपसत नाही, कुत्र्याच्या गळ्यात टोपली अडकवता येते. चिंपांझीण रिकामपणी बसून एकेक टाका नखाने सोडवते. तिच्या पोटावर वीतभर चीर ठेवून चालतच नाही. छोटी भोकं, तीही कातडीच्या आतून शिवायची, म्हणजे उसवायला धागा सापडत नाही. दुसरं, कळप. आजारी मादी पंधरा दिवस वेगळी ठेवली तर परत गेल्यावर तिची जागा गेलेली असते, मारामाऱ्या होतात. तिसऱ्या दिवशी परत गेली पाहिजे. (सुनेला माहेरी फार दिवस ठेवू नये म्हणत, ते आठवलं.) तिसरं, भूल. पिंजऱ्यातल्या वनमानुषांना हृदयविकार फार, म्हणून भूल जितकी थोडी तितकी बरी. तीही पूर्वी बंदुकीने सुई मारून देत, आता शिकवतात. फळाचा तुकडा दाखवत, रोज थोडं थोडं, महिनोन् महिने, दंड जाळीला लावायला, पोट जाळीला टेकून उभं राहायला. मग जागेपणीच सोनोग्राफी होते. घाबरली तर त्या दिवशी थांबतात. उद्या परत.

"आणि गाठी असल्या की लगेच पिशवी काढतात का गं?" मी विचारलं.

"नाही काकू. आधी बघतात त्रास किती आहे. हार्मोनचं इंजेक्शन देऊन बघतात, नाहीतर कातडीखाली कांडी बसवतात. नुसती गाठ काढता येते का बघतात. पिशवी काढणं शेवटी."

शेवटी. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारने पाहणी केली, तेव्हा पिशवी काढलेल्या १३ हजारांहून जास्त बायका निघाल्या. कित्येक तिशीतल्या. पाळीच्या दिवसात खाडा पडला की मुकादम दंड लावतो, अंगावर उचल घेतलेली, पोट दुखलं म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. त्यांना कोणी जाळीशी फळाचा तुकडा घेऊन उभं राहिलं नाही. माझ्या वेळी निदान पगारी रजा होती.

मला चिंपांझिणीचा हेवा वाटत नाही, हेही खरं. तिला एवढं जपतात कारण ती मोजकी आहे, आणि ती मोजकी का झाली तेही आपल्याला माहीत आहे. शिवाय तिच्या आज्या-पणज्यांनी प्रयोगशाळांत जे सोसलं, त्याच्या मानाने ही परतफेड काहीच नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने चिंपांझींवरचे प्रयोग थांबवले तेसुद्धा २०१५ मध्ये. आणि २०२३ मध्ये युगांडाच्या जंगलातून असं कळलं, की रानातल्या चिंपांझिणींचीही पन्नाशीच्या आसपास पाळी जाते आणि त्यापुढेही त्या जगतात. म्हणजे म्हाताऱ्या आत्या-मावश्या तिथेही असतात म्हणायच्या.

पुतणी निघाली तेव्हा स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी उशिरा होती. बाकावर बसल्या बसल्या मी तिला माझ्या ऑपरेशनचं पहिल्यांदा नीट सांगितलं. तिने पोटाची चीर आडवी की उभी ते विचारलं. उभी म्हटलं. टाके किती, म्हणाली. नऊ. मग ती बराच वेळ काही बोलली नाही, नुसता हात धरून बसली. गाडी आली.

लिहायचं अजून होतं, पण गच्चीवर धपधप ऐकू येतेय. वानरांची टोळी आली वाटतं. कालच घातलेल्या कुरडया वर आहेत. काठी कुठे ठेवली आमच्या ह्यांनी, देव जाणे.